रक्तदाबाच्या गोळीसोबत घरात आणखी काय काय घेतले जाते?

कुळागर

नमस्कार. फोंड्याजवळच्या गावात आमचे घर. बाबा सत्तरीच्या पुढचे, रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षे चालू. गेल्या पावसाळ्यात तापामुळे त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर रक्तदाबासाठी एक नाव होते आणि घरातल्या स्ट्रिपवर दुसरेच. जुनी बंद करा असे कोणी सांगितले नाही, कार्डावरही तसे लिहिलेले नव्हते, म्हणून आई दोन्ही देत राहिली. थोड्याच दिवसांत बाबांना सकाळी उठताना चक्कर येऊ लागली. एकदा तर दाराची चौकट धरून खालीच बसले. माझ्या पुतणीने दोन्ही स्ट्रिपा उलटून मागचे बारीक अक्षर वाचले. दोन्हींत तेलमिसार्टन ४० मिलिग्रॅम. ब्रँड दोन, औषध एकच.

आमच्या डॉक्टरांनी एक बंद केली आणि बाबा सावरले. धागा काढतो आहे तो पुढच्या प्रश्नासाठी. डॉक्टरांनी विचारले, "याशिवाय काय काय घेतात?" आम्ही आधी "काही नाही" म्हटले. मग एकेक आठवू लागले. गुडघ्यासाठी फार्मसीतून आणलेली गोळी, सर्दीची गोळी, खोकल्याला ज्येष्ठमधाचा काढा, कोणीतरी सांगितलेले "कमी सोडियमचे" मीठ. यातले जवळजवळ प्रत्येक रक्तदाबाशी किंवा त्याच्या गोळीशी कुठेतरी अडते, हे तेव्हा कळले.

मला वाटते, आपल्या घरांतून धोका गोळीचा कमी आणि तिच्या आजूबाजूला जे चालते त्याचा जास्त असतो. ज्यांना माहिती आहे, ज्यांनी घरात हे सांभाळले आहे, त्यांनी लिहावे. डोस कमीजास्त करण्याचे सल्ले नकोत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे.

फार्मसीवाली

म्हापशात फार्मसीच्या काउंटरवर उभी असते, त्यामुळे हे रोज बघते. लोक "बीपीची पांढरी गोळी" म्हणून मागतात, किंवा कात्रीने कापलेला असा तुकडा आणतात ज्याच्यावर ना नाव उरले ना तारीख. स्ट्रिप नेहमी नाव आणि मुदत नसलेल्या टोकाकडून वापरायला घ्या. शेवटची गोळी संपेपर्यंत नाव राहिले पाहिजे.

दुसरे, ब्रँडच्या नावापुढची अक्षरे सोडून देऊ नका. बहुतेक ठिकाणी 'एएम' म्हणजे सोबत अम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ती लघवी वाढवणारी गोळी. साधी गोळी आणि त्याच ब्रँडची एएम यांची डबी दिसायला सारखीच. साध्याच्या जागी एएम गेली की माणूस न सांगितलेले दुसरे औषध घेऊ लागतो. आम्ही बघून देतो, तरी घरी गेल्यावर तुम्हीही बघा. जेनेरिक घ्यायला काहीच हरकत नाही, जनऔषधी केंद्रातली गोळीसुद्धा चालते, पण औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम तंतोतंत जुळले पाहिजेत. आणि नवी आली की जुनी स्ट्रिप डब्यातून काढून ठेवा.

ही औषधे शेड्यूल एचमधली आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चिठ्ठी मागितली की काही जण रागावतात. पण त्या चिठ्ठीवरूनच मला कळते की मागच्या महिन्यात डॉक्टरांनी डोस बदलला होता आणि तुम्ही जुनाच मागत आहात.

अबोली

फार उपयोगी धागा. आम्ही सासूबाईंसाठी आठवड्याचा सात कप्प्यांचा डबा आणला आहे. रविवारी सगळ्या गोळ्या सोलून भरून ठेवते. घेतली की नाही हा वाद संपला. सगळ्यांनी करून बघावे.

फार्मसीवाली

अबोली, डबा चांगलाच, पण सासूबाईंना तेलमिसार्टन असेल तर ती सोलून ठेवू नका. ही गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. कंपन्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात की घेण्याच्या वेळीच फॉइलमधून काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उंबऱ्यावरचे पायपुसणे वाळत नाही, तिथे उघडी गोळी आठवडाभर काय टिकणार? फॉइल न फोडता एकेक चौकोन कापून कप्प्यात टाका. मूळ स्ट्रिपचे नावाचे टोक डब्याला चिकटवून ठेवा. आणि डबा चुलीजवळ, फ्रिजवर किंवा न्हाणीघरात नको. झोपायच्या खोलीतले कोरडे कपाट बरे.

अबोली

तेलमिसार्टनच आहे! आजच बदलते. मनापासून धन्यवाद.

साखळीकर

आमच्या आईचे गुडघे. डायक्लोफिनॅकची गोळी कोणीतरी एकदा दिली, आता तीच कायमची झाली आहे. रक्तदाबाची गोळी नियमित असूनही वरचा आकडा १६० च्या खाली येत नाही. दोन्हींचा संबंध असू शकतो का?

स्टेथो

असू शकतो, आणि हा प्रश्न विचारलात हे चांगले केले. मी डॉक्टर आहे, पण तुमच्या आईंना तपासलेले नाही. म्हणून सर्वसाधारण लिहितो.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एसिक्लोफिनॅक या सगळ्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते. दाब चढतो आणि गोळीचा परिणाम बोथट होतो. मग आम्ही डोस वाढवतो किंवा दुसरी गोळी जोडतो. खरे कारण गुडघ्याच्या गोळीत असते आणि ते आम्हाला कोणी सांगितलेलेच नसते.

त्याहून गंभीर गोष्ट मूत्रपिंडाची. तेलमिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एक, सोबत लघवीची गोळी आणि वर वेदनाशामक, असे तीन एकत्र आले की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा दाब सगळ्या बाजूंनी कमी होतो. तरुण माणूस निभावून नेतो. सत्तरीतल्या माणसाला मे महिन्यात घामाने पाणी कमी पडलेले असताना हे तिन्ही मिळाले, तर काही दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) वर गेलेले मी पाहिले आहे. वेळीच पकडले तर बहुधा परत खाली येते.

गुडघ्यासाठी आधी व्यायाम, वजन, शेक. काही प्रकारची लावायची जेल बरी पडते, कारण ती रक्तात कमी जाते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण तेही रोज पूर्ण डोसात घेतल्यास दाब थोडा चढतो असे २०२२ च्या एका चाचणीत दिसले आहे. फेसाळत विरघळणाऱ्या गोळ्या आणि पोटासाठीच्या फेसाळ पावडरी यांत सोडियम भरपूर असते, त्या टाळाव्यात. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर तीही दाब वाढवते. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब, वाफ.

आणखी एक. उलट्या, जुलाब, जोराचा ताप, खाणेपिणे बंद, अशा दिवसांत लघवीची गोळी आणि तेलमिसार्टन-रामिप्रिल गटातली गोळी नेहमीसारखी चालू ठेवायची की थोडे दिवस थांबवायची, हे आपल्या डॉक्टरांना बरे असतानाच विचारून लिहून ठेवा. आजारी पडल्यावर रात्री कोणी फोनवर सापडेलच असे नाही. जुलाबात ओआरएस घ्यायचे, रक्तदाब आहे म्हणून ते टाळायचे नाही.

साखळीकर

आईची स्ट्रिप पाहिली. तेलमिसार्टनसोबत 'एच' आहे. म्हणजे तिन्ही झाले. उद्याच आरोग्य केंद्रात नेतो, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घेतो.

स्टेथो

सोडियमही करा. लघवीच्या गोळीने म्हाताऱ्या माणसांत ते उतरते. घरचे म्हणतात, "हल्ली विसरतात, चालताना तोल जातो", आणि वयाच्या नावावर सोडून देतात.

मांडवीकाठ

मी आयुर्वेदावर श्रद्धा असलेला माणूस आहे, म्हणून आदराने विचारतो. आमच्या घरात सर्पगंधाची वटी पूर्वापार आहे. ती चालू ठेवून डॉक्टरांची गोळी हळूहळू बंद केली तर काय बिघडेल? सर्पगंधा उगाच सांगितलेली वनस्पती नव्हे.

स्टेथो

उगाच तर मुळीच नव्हे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातले रिसर्पिन वेगळे केले गेले आणि पुढे कित्येक वर्षे ते जगभर दिले गेले. म्हणजे सर्पगंधा हे खरे औषध आहे. म्हणूनच तिचे तोटेही खरे आहेत. नाक चोंदते, पोटात आम्ल वाढते, नाडी मंदावते, आणि मुख्य म्हणजे काहींना मन खोलवर खचण्याचा त्रास होतो. वटीत रिसर्पिन किती हे घरी मोजता येत नाही. दुसऱ्या गोळीवर ती चढवली की दाब अचानक खाली जाऊ शकतो.

आपल्या वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही ही वटी दाखवा. लपवून दोन्ही चालवणे हेच धोक्याचे. आणि "हळूहळू बंद" हे स्वतःहून करू नका. क्लोनिडिन अचानक थांबवले तर दाब उसळून आधीपेक्षा वर जातो. मेटोप्रोलोल, एटेनोलोल अचानक सोडल्यास नाडी धावते, हृदयाचा त्रास असलेल्यांना छातीत दुखू शकते. बाकीच्या गोळ्या सोडल्यावर दोन-चार दिवस काहीच जाणवत नाही, आकडा मात्र गुपचूप मूळ जागी जातो.

मांडवीकाठ

समजले. सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. वैद्यबुवांची पुढची भेट चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) आहे, दोन्ही कागद घेऊन जातो.

अबोली

ज्येष्ठमधाचे काय? कुळागर यांनी वर लिहिले आहे. आमच्याकडे घसा धरला की तेच.

स्टेथो

ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने शरीर सोडियम धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. घशासाठी एखादा तुकडा चघळला तर घाबरायचे कारण नाही. रोजचा काढा, आठवडेच्या आठवडे, हा रक्तदाबाच्या माणसाने करू नये.

खारवी

जेवणाचे कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात मासेमारी बंद, मग सुके बांगडे, सुंगटांचे किसमूर (सुक्या कोलंबीची खोबरे घातलेली कोशिंबीर), खारवलेले मासे, आणि ताटात मिसकूट, म्हणजे कैरीचे लोणचे. पेजेसोबत हे नसेल तर आमच्या आजोबांना जेवल्यासारखे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे भरून एक चहाचा चमचासुद्धा नाही. एका खाऱ्या बांगड्यातच त्यातला मोठा वाटा जातो. आजोबांचे ताट कोणी हिरावून घेऊ नये असे मला मनापासून वाटते. आम्ही सुके मासे दोन-तीन पाण्यांत भिजवून ती पाणी टाकतो, किसमुरात वरून मीठ घालत नाही, खोबरे आणि आमसूल वाढवतो. आणि ज्या दिवशी सुके, त्या दिवशी लोणचे-पापड नाही. पाव-उंड्यातही मीठ असते, ते कोणाच्या हिशेबात येत नाही.

कमी सोडियमच्या मिठाबद्दल मात्र कोणी जाणत्याने लिहावे. आणि आडसराबद्दलही, म्हणजे शहाळ्याबद्दल, आजोबा रोज एक पितात.

फार्मसीवाली

त्या मिठात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने असे मीठ वापरायला मोठ्यांसाठी अनुकूल सल्ला दिला, पण मूत्रपिंडाचा आजार असलेले किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर जात नाही असे लोक त्यातून वगळले आहेत. तेलमिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या मुळात पोटॅशियम वाढवतात. अशी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून आणि रक्त तपासूनच ते मीठ घ्यावे.

आडसराचेही तेच. एका शहाळ्यात साधारण एका केळ्याइतके किंवा जास्त पोटॅशियम असते. मूत्रपिंड चांगली असतील तर अधूनमधून काही बिघडत नाही. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर रोज नको. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी अंगावर काही लक्षण दिसेलच असे नाही.

तारवटी

जहाजावर असतो, त्यामुळे आमची अडचण वेगळी. करार महिन्यांचा, बंदर कधी लागेल ठाऊक नाही, इंजिन रूममध्ये घामाने कपडे पिळून निघतात. गेली कित्येक वर्षे गोळीवर आहे आणि काम नीट चालू आहे. म्हणून नव्या मुलांना सांगतो, वैद्यकीय तपासणीत रक्तदाब लपवू नका. लपवून चढलात तर गोळीही लपून घ्यावी लागते, मग ती चुकते.

पूर्ण कराराचा साठा आणि वर थोडा जास्त घेऊन निघावे. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, सोबत औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी, कारण आपला ब्रँड दुसऱ्या देशात कोणी ओळखत नाही. अर्धा साठा हातातल्या बॅगेत, अर्धा सामानात. घड्याळ पुढेमागे होते तेव्हा मी जहाजाच्या वेळेप्रमाणे सकाळची न्याहारी धरतो. दोन-तीन तासांनी फरक पडत नाही असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले आहे. सुट्टीवर आल्यावर उर्राकच्या दिवसांत मित्र आग्रह करतात, त्यांना प्रेमाने नाही म्हणतो. दारूने दाब आधी खाली जाऊन चक्कर येते आणि नियमित घेतली तर कायमचा वाढतो.

स्टेथो

तारवटी, अगदी नेमके. चुकलेल्या गोळीबद्दल जोडतो. त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीही नाहीत. अम्लोडिपिन रक्तात निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात, एखादी चुकल्याने आकाश कोसळत नाही. वारंवार चुकण्याने मात्र नुकसान होते.

सकाळी की रात्री हेही लोक विचारतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेला टाइम अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. जी वेळ तुमची चुकत नाही ती तुमची. लघवीची गोळी सकाळी बरी, नाहीतर रात्री उठावे लागते आणि म्हातारी माणसे त्याच फेरीत पडतात.

सिस्टर

निवृत्त परिचारिका आहे. मोजण्याबद्दल लिहिते, कारण चुकीच्या आकड्यावर गोळी वाढते.

चहा, कॉफी, तंबाखू यांनंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, एकावर एक न ठेवता, पाच मिनिटे न बोलता बसा. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. दंड हृदयाच्या उंचीवर, टेबलावर टेकलेला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा खोटा वर दिसतो. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र घ्या. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी असे मोजले की त्यांना खरे चित्र मिळते. घरी १३५/८५ च्या वर राहणारी सरासरी जास्त समजतात, दवाखान्यात १४०/९०.

कुळागर, तुमच्या बाबांसारख्यांचे एक माप उभे राहून घ्या. बसून मोजा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. जवळ माणूस उभा हवा.

दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्यांनाही विनंती आहे, तसे करू नका. भीतीनेच आकडा चढतो.

साखळीकर

आमच्या वाड्यावर एकांना १९० दाखवले, तर शेजाऱ्यांनी कॅप्सूल फोडून जिभेखाली दिली. हे बरोबर का?

स्टेथो

नाही. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली देण्याची पद्धत पूर्वी होती. दाब एकदम कोसळून हृदयविकार आणि पक्षाघात झाल्याचे पुढे आले आणि १९९० च्या दशकातच तिच्याविरुद्ध इशारे दिले गेले. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी वेगळी, ती डॉक्टरांनी ज्याला दिली त्यानेच घ्यायची.

आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, अर्धे अंग लुळे पडणे, बोलणे अडखळणे, दिसायला कमी येणे, असह्य डोके दुखणे यांपैकी काहीही असेल तर लगेच १०८ ला फोन करा, दुसरे माप घेत बसू नका. लक्षण काहीच नसेल तर शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

पारिजात

लिहू की नको असे वाटत होते. माझे वय ३४. रक्तदाब दोन वर्षांपूर्वी निघाला, तेलमिसार्टन चालू आहे. आता आम्ही बाळाचा विचार करत आहोत.

स्टेथो

लिहिलेत ते फार बरे केले. गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. तेलमिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल हा सगळा गट गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतो, म्हणून चालत नाही. लॅबेटालोल, निफेडिपिनची सावकाश सुटणारी गोळी, मिथाइलडोपा असे पर्याय आहेत आणि ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहेत. पाळी चुकली असे वाटले तर त्याच दिवशी फोन करा. पण गोळी नुसती बंद करून बसू नका. गरोदरपणात न आवरलेला दाब आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.

पारिजात

या आठवड्यातच जाते. आभार.

कुळागर

इतके मिळेल असे वाटले नव्हते. दोन प्रश्न राहिले. बाबांचे पाय अम्लोडिपिनने संध्याकाळी सुजतात, शेजारी म्हणतात लघवीची गोळी सुरू करा. आणि आई तयेचा (हरतालिकेचा) उपास निर्जळी करते, तिलाही गोळी आहे, 'एच'वाली.

स्टेथो

अम्लोडिपिनची सूज शरीरात पाणी वाढल्यामुळे नसते. बारीक रक्तवाहिन्या रुंदावून पाणी घोट्याशी उतरते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी जात नाही, उलट एक औषध वाढते. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. एकाच पायाला सूज असेल, दम लागत असेल तर मात्र वेगळा तपास हवा.

आईंना सांगा, उपास करा पण पाणी प्या, आणि गोळी त्या पाण्यासोबत घ्या. निर्जळीच करायची असेल तर 'एच'वाल्या गोळीबद्दल तयेच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. चवथीच्या कामात पहाटेपासून उभे राहणे असते, त्यात पाण्याशिवाय लघवीची गोळी पोटात नको.